अख्खा मजला : न्यूयॉर्कच्या लॉफ्टची जाहिरात वाचताना

आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे न्हाणीघरावरची किंवा स्वयंपाकघराच्या दारावरची काँक्रीटची फळी. जुनी ट्रंक, मोडका पंखा, गणपतीचे मखर, आकाशकंदिलाचा सांगाडा हे सगळे तिथे वर्षभर पडून असते आणि दिवाळी तोंडावर आली की कोणीतरी स्टुलावर चढून ते खाली काढते. त्यामुळे ‘अख्खा मजलाभर लॉफ्ट विकणे आहे’ हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले होते. एवढे सामान कोणाकडे असेल?

वाक्य न्यूयॉर्कचे होते. मॅनहटनच्या खालच्या अंगाला, ह्यूस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेला सोहो नावाचा भाग आहे. (तिथले लोक त्या रस्त्याला ‘हाउस्टन’ म्हणतात, टेक्सासच्या शहरासारखे ‘ह्यूस्टन’ म्हटले की माणूस परका आहे हे ओळखतात. लिहिताना मात्र मी रूढ रूपच ठेवतो.) त्या भागातल्या घरविक्रीच्या जाहिराती मी गेली काही वर्षे जमवतो आहे. घर घेण्यासाठी नव्हे हे उघडच आहे. अशा एका मजल्याची किंमत बहुतेक वेळा दशलक्ष डॉलरांत मोजतात. मला रस आहे तो मजकुरात. बखर वाचताना आपण विचारतो की ही कोणासाठी लिहिली, कशाला लिहिली आणि लिहिणाऱ्याने काय गाळले. तेच प्रश्न या जाहिरातींना विचारले तर त्या फार बोलतात. वाङ्मयप्रकार म्हणून त्या हलक्या समजल्या जातात, पण एखाद्या वस्तीने स्वतःबद्दल शेवटी कोणती गोष्ट सांगायची ठरवली, हे तिथे जितके उघडे पडते तितके कादंबरीतही पडत नाही.

आधी शब्दाचे पाहू. इंग्रजीतला लॉफ्ट जुन्या नॉर्स भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ हवा, आकाश आणि वरची खोली असा होता. पुढे तो गोठ्यावरच्या गवताच्या माळ्याला लागला, आणि अमेरिकेत गोदामाच्या किंवा कारखान्याच्या वरच्या, भिंती न घातलेल्या सलग मजल्याला. आपल्या ‘माळा’ शब्दाचा प्रवास याच वाटेने झाला आहे याचे मला नवल वाटते. गावाकडे माळा म्हणजे कांदे, लसूण, सरपण ठेवायची जागा. मुंबईत मात्र ‘कितव्या माळ्यावर राहता?’ असे विचारतात. मुंबईकराने अडगळीची जागा राहण्याची केली. न्यूयॉर्ककरानेही तेच केले, पण त्याने मध्ये एक पायरी घेतली. त्याच्या माळ्यावर आधी शंभर वर्षे माणसे कामाला होती. जाहिरात ही पायरी गाळते. या लेखाचा विषय ती गाळलेली पायरी आहे.

जाहिरातींचा साचा ठरलेला असतो. मजल्यावर एकच घर. लिफ्टचे दार थेट घरात उघडते, तेही किल्ली फिरवल्यावर. बारा-चौदा फूट उंच छत. ओतीव लोखंडाचे मूळ खांब. उघड्या विटांची भिंत. नक्षीदार पत्र्याचे छत. भल्यामोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे शब्द जागोजाग पेरलेले. यातली एकेक गोष्ट खरी आहे, आणि एकेक गोष्ट मुळात कशासाठी केली होती हे पाहिले की मजकुराचा रंग पालटतो.

अख्खा मजला ही चैन नव्हती, तो नाइलाज होता. मॅनहटनमधला नेहमीचा भूखंड पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल असतो. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. उजेड आणि वारा येणार तो फक्त पुढून आणि मागून. आपल्याकडच्या पेठांतली किंवा गिरगावातली अरुंद तोंडाची, खोल गेलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना माजघर म्हणजे काय ते सांगायला नको : भर दुपारीही दिवा लागणारी खोली. सोहोतल्या इमारती बहुतांशी १८५० ते १८९० च्या दरम्यानच्या आहेत. वर कापड, टोप्या, लेस, पुठ्ठ्याची खोकी बनत आणि खाली त्यांची दुकाने असत. विजेच्या दिव्याच्या आधीचे काम दिवसाउजेडी उरकावे लागे. मध्ये भिंत घातली की मागचा अर्धा मजला काळोखात जाणार, म्हणून भिंत नाही. वजन पेलायला दगडी भिंतीऐवजी लोखंडाचे सडसडीत खांब, कारण दोन खांबांमध्ये मोठी काच बसवता येते. जाहिरात ज्याला ‘उजेडाने न्हालेली’ म्हणते ती खिडकी मजुराच्या डोळ्यांसाठी होती. डोळ्यांच्या काळजीपोटी नव्हे, कामाच्या तासांसाठी.

त्या माजघराची अडचण आजही तशीच आहे, फक्त जाहिरात ती हुशारीने लपवते. विकायला निघालेल्या मजल्याचा नकाशा पाहा. न्हाणीघरे, कपड्यांच्या खोल्या, स्वयंपाकघर हे सगळे मधोमध दाटलेले असते. आणि एखादी खोली ‘अभ्यासिका’ किंवा ‘पाहुण्यांची खोली’ म्हणून दाखवलेली असते. ती निजायची खोली का नाही? कारण खिडकी नसलेल्या खोलीला तिथला कायदा निजायची खोली म्हणू देत नाही. भिंती न घालण्यासाठी बांधलेल्या मजल्यात भिंती घातल्या की जे होते ते इथे होते, आणि शब्दांची सगळी कारागिरी त्या काळोखावर खर्ची पडते.

आता ‘मूळ’ या शब्दाकडे येऊ. ओतीव लोखंडाचे दर्शनी भाग कारखान्यात साच्यात ओतले जात. जेम्स बोगार्डस आणि डॅनियल बॅजर हे या धंद्यातले मोठे लोक. गिऱ्हाइकाने नमुने पाहून कमानी, खांब, शिरोभाग निवडायचे, ते गाडीवरून यायचे आणि जागेवर बोल्ट मारून जोडले जायचे. वर रंग द्यायचा तो दगडाचा भास होईल असा, कित्येकदा वाळू मिसळून. म्हणजे आज ज्या अस्सलपणावर भाव चढतो तो माल मुळात स्वस्त, पटकन उभा राहणारा आणि दुसऱ्याच कशाची तरी नक्कल करणारा होता. १९७० साली मार्गो गेल नावाच्या बाईंनी या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. त्या लोकांना छोटे लोहचुंबक वाटत. इमारतीला लावून पाहा, चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर दगड. कलासमीक्षेची इतकी सोपी आणि प्रामाणिक पद्धत माझ्या वाचनात दुसरी नाही. (मुंबईतल्या काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलचा लोखंडी सांगाडा याच दशकांतला. तोही इंग्लंडमध्ये तयार होऊन बोटीने आला. त्याच्या आजच्या अवस्थेवर कोणी ‘मूळ खांब’ म्हणून भाव लावल्याचे ऐकिवात नाही.)

उघड्या विटा तर मूळ नाहीतच. त्या भिंतींवर गिलावा होता, तो नंतर खरवडून काढला गेला. नक्षीदार पत्रा हा चुन्याच्या नक्षीकामाचा गरिबांसाठीचा पर्याय होता. झाकायचे म्हणून जे केले ते उघडे झाले, आणि स्वस्तात भागावे म्हणून जे केले ते महाग झाले. बरे, शहराने १९७३ साली सोहोला ऐतिहासिक वस्तीचा दर्जा दिला तो प्रामुख्याने इमारतींच्या बाहेरच्या रूपासाठी. खाजगी मजल्याच्या आत काय ठेवायचे आणि काय तोडायचे हे मालकाच्या मर्जीवर. म्हणजे जाहिरातीत ‘ऐतिहासिक’ हे विशेषण घराला लावलेले असते, कायद्यात ते भिंतीच्या रस्त्याकडच्या अंगाला लागलेले असते. पंचवीस फुटांचा मुखवटा आणि मागे शंभर फूट खोल जाणारी, ज्याला जसे हवे तसे सांगता येईल अशी गोष्ट.

या गोष्टीचा सांगाडा आता जगभर माहीत झाला आहे. ओसाड कारखाने होते. गरीब चित्रकार आले. त्यांनी भिंती रंगवल्या, पाइप जोडले, कडाक्याच्या थंडीत दिवस काढले. मग गॅलऱ्या आल्या, मग उपाहारगृहे, मग वकील आणि सावकार, आणि शेवटी चित्रकार गेले. जाहिरात याच गोष्टीचा आधार घेते. ‘एके काळी चित्रकाराचा स्टुडिओ’ हा उल्लेख हमखास असतो. मी स्वतः ही गोष्ट बरीच वर्षे खरी मानत होतो, चित्रकारांची बाजू घेऊन हळहळतही होतो. तिच्यातला पहिलाच शब्द खोटा आहे हे मला फार उशिरा कळले. ‘ओसाड’ हा तो शब्द.

१९६० च्या सुमारास हा भाग पाडून टाकायचे घाटत होते. रॉबर्ट मोझेस यांना ब्रूम स्ट्रीटच्या बाजूने मॅनहटनच्या आरपार द्रुतगती मार्ग न्यायचा होता. १८५७ साली ज्या इमारतीत ओटिसची प्रवासी लिफ्ट पहिल्यांदा व्यवहारात चालली ती हॉवट इमारत नेमकी ब्रॉडवे आणि ब्रूमच्या कोपऱ्यावर, म्हणजे मार्गाच्या तोंडी होती. त्याच सुमारास शहराच्या नियोजन आयोगाने चेस्टर रॅपकिन या अभ्यासकाकडून भागाची पाहणी करून घेतली. अहवाल १९६३ चा. पाहणीआधी समज असा होता की हा भाग मेलेला आहे. अग्निशमन दल त्याला नरकाचे शंभर एकर म्हणे. रॅपकिन यांना आढळले ते वेगळेच : शेकडो लहान कारखाने चालू होते, हजारो माणसे कामाला होती. त्यांत काळे आणि पोर्तोरिकन कामगार मोठ्या संख्येने, स्त्रियाही पुष्कळ. त्यांना इतक्या सहज दुसरीकडे काम मिळाले नसते. म्हणून हा भाग पाडू नये, दुरुस्त करावा, असे त्या अहवालाचे म्हणणे होते.

पुढे १९६९ साली द्रुतगती मार्गाचा बेत कायमचा बारगळला. जेन जेकब्स आणि इतरांच्या त्या लढ्याची गोष्ट सगळे सांगतात आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण दहा वर्षे ‘आज पडेल, उद्या पडेल’ अशा अवस्थेत असलेल्या इमारतीवर कोणता मालक पैसा घालणार? भाडी घसरली, कारखानदार हळूहळू बाहेर पडले, आणि रिकाम्या झालेल्या मजल्यांवर चित्रकार आले. मजला आपोआप रिकामा झाला नव्हता, तो होऊ दिला गेला होता. शॅरन झुकिन या समाजशास्त्रज्ञ बाईंचे ‘लॉफ्ट लिव्हिंग’ हे १९८२ चे पुस्तक मला याचसाठी महत्त्वाचे वाटते. त्या स्वतः लॉफ्टमध्ये राहत होत्या, आणि आपल्या पायाखाली आधी कोण उभे होते हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. शहरातला कारखाना मरतो तो म्हातारा होऊन मरत नाही, जमिनीला त्याच्यापेक्षा जास्त भाव देणारा वापर दारात उभा असतो म्हणून मरतो, आणि कला हा त्या बदलाचा साजरा दिसणारा टप्पा असतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

कामगारांच्या बाबतीत लॉफ्ट या शब्दाला एक जुना, काळा अर्थही आहे. सोहोतल्या ग्रीन स्ट्रीटवर ओतीव लोखंडाच्या सर्वांत देखण्या इमारतींची रांग आहे. त्याच रस्त्याने ह्यूस्टन ओलांडून उत्तरेला थोडे चालत गेले की वॉशिंग्टन प्लेसच्या कोपऱ्यावर एक दहा मजली इमारत लागते. आज ती न्यूयॉर्क विद्यापीठाकडे आहे. २५ मार्च १९११ रोजी तिच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यांवरच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ जण मेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित घरांतल्या तरुण मुली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. इमारत आगीला दाद न देणारी म्हणून बांधलेली होती आणि तिने ते सिद्ध केले, ती अजून उभी आहे. त्या काळात अशा इमारतींना लॉफ्ट इमारतीच म्हणत. ‘अख्खा मजला, एकच दार’ ही ओळ वाचताना मला दर वेळी तो नववा मजला आठवतो. जाहिरातदाराचा यात दोष नाही, पण माझ्याने दुसरे काही आठवत नाही.

आगीचा धागा पुढेही जातो. १९५० आणि ६० च्या दशकांत चित्रकार या मजल्यांवर चोरून राहत. तपासनीस आला की गादी गुंडाळून ठेवायची, चूल झाकायची. १९६१ मध्ये चित्रकार-भाडेकरूंनी आपली चित्रे गॅलऱ्यांतून काढून घेण्याची धमकी दिली आणि महापौर वॅग्नर यांच्या प्रशासनाशी तडजोड झाली. राहणाऱ्याने इमारतीच्या बाहेर ‘ए. आय. आर.’ अशी पाटी लावायची आणि मजला लिहायचा. आर्टिस्ट इन रेसिडन्स, म्हणजे कलावंत इथे राहतो. ही पाटी मानाची नव्हती. रात्री आग लागली तर गोदाम रिकामे समजून अग्निशमनाचे जवान परत फिरू नयेत, वर माणूस झोपला आहे हे त्यांना कळावे, एवढ्यासाठी ती होती. १९७२ साली स्त्री-कलावंतांनी वूस्टर स्ट्रीटवर स्वतःची सहकारी गॅलरी काढली तेव्हा तिचे नाव हेच ठेवले. १९८० मध्ये त्या गॅलरीत अमेरिकेतल्या तिसऱ्या जगातल्या स्त्री-कलावंतांचे जे प्रदर्शन झाले ते मांडणाऱ्या तिघींपैकी एक होत्या अलीगढच्या झरीना हाश्मी. घराचा नकाशा, उंबरठा, दार हेच जन्मभर कोरत राहिलेली ही चित्रकर्ती त्या पाटीच्या नावाखाली उभी राहिली, याला योगायोगापेक्षा जास्त अर्थ आहे असा माझा दावा नाही. पण लॉफ्टबद्दल लिहिताना तिचे नाव आपल्या वाचकांपर्यंत यावे असे वाटले.

१९७१ साली सोहोत कलावंतांनी राहणे कायदेशीर झाले, आणि मग कलावंत कोण हे ठरवायची पाळी सरकारवर आली. शहराच्या सांस्कृतिक खात्याकडे कामाचे नमुने घेऊन जायचे, या कामाला एवढी मोठी जागा लागते हे पटवायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचे. लहान आकाराची चित्रे काढणाऱ्याचे काय होत असेल, असा खट्याळ प्रश्न मला पडतो. जाहिरातीत आज या सगळ्याचा अवशेष तेवढा उरला आहे : ‘प्रमाणित कलावंताची अट लागू’, किंवा ती अट इमारतीत कोणी पाहत नाही असे आडून सुचवणारे एखादे वाक्य. जवानांसाठी लावलेली पाटी वकिलांसाठीची तळटीप झाली.

अख्खा मजला या कल्पनेचे दोन टोकाचे नमुने सोहोनेच दिले. डोनाल्ड जड या शिल्पकाराने १९६८ साली स्प्रिंग स्ट्रीटवरची १०१ क्रमांकाची १८७० ची पाच मजली इमारत ६८ हजार डॉलरांना घेतली. प्रत्येक मजल्याला एक काम नेमून दिले : एकावर स्वयंपाक आणि जेवण, एकावर काम, सर्वांत वर निजणे. भिंती घालायच्या नाहीत हा नियम. वस्तू जिथे ठेवली तिथेच कायमची. इमारत कोपऱ्यावरची असल्याने तिला दोन अंगांनी उजेड आहे, माजघराची अडचणच नाही. २०१३ पासून ती लोकांना पाहता येते. छायाचित्रांतून आणि नकाशांतून ती पाहताना वाटते की मजला म्हणजे काय हे या एका माणसाला समजले होते. आणि हेही वाटते की ते समजायला अख्खी इमारत लागली.

दुसरा नमुना जॉर्ज मॅच्युनस. मूळचा लिथुआनियाचा, फ्लक्सस या कलाचळवळीचा चालक. १९६७ साली त्याने वूस्टर स्ट्रीटवरची ८० क्रमांकाची इमारत कलावंतांच्या सहकारी संस्थेसाठी घेतली आणि नंतर अशा अनेक घेतल्या. त्याच्या संस्थेची रचना मराठी वाचकाला ओळखीची वाटेल : इमारत संस्थेची, तुमच्याकडे भागपत्रे, त्यांच्या जोरावर तुम्हाला मजला. पण भागविक्रीसाठी राज्याच्या महान्यायवाद्याकडे माहितीपत्रक दाखल करावे लागते. मॅच्युनसने ते केले नाही. कलावंत मित्रांना मजले जवळजवळ पडत्या खर्चात देणाऱ्या या माणसामागे सरकारी चौकशी लागली. त्याने दाराला पाती बसवून घेतली, मित्रांकरवी परगावाहून पोस्टकार्डे टाकून आपण फिरतीवर असल्याचा देखावा उभा केला. शेवटी १९७५ मध्ये एका इलेक्ट्रिशियनच्या थकलेल्या बिलावरून त्याला गुंडांकडून बेदम मार बसला आणि एक डोळा गेला. १९७८ साली तो वारला. सोहोच्या मजल्यांतून लोकांनी अपार पैसा केला, ज्याने ते विकायची रीत घातली त्याने काहीच केला नाही. आजच्या देखण्या विक्रीपत्रकाचा पूर्वज म्हणजे मॅच्युनसने न भरलेला तो सरकारी कागद.

इथे झुकिन यांच्याशी माझे थोडे भांडण आहे. त्यांच्या पुस्तकात कलावंत जवळजवळ बाहुले वाटतात. भांडवल दोरी ओढते, ते नाचतात. मॅच्युनसला त्या चौकटीत बसवता येत नाही. उलट २०१६ साली आलेल्या ‘द लॉफ्ट्स ऑफ सोहो’ या पुस्तकात इतिहासकार आरन श्कुडा कलावंतांना लहानसहान विकासक म्हणून पाहतात. त्यांनी घाम गाळून मजले राहण्याजोगे केले, संघटना बांधल्या, कायदे बदलून घेतले आणि निघताना नव्या भाडेकरूकडून केलेल्या कामाचे पैसेही घेतले. ती वसुली तिथे ‘फिक्स्चर फी’ म्हणून ओळखली जाई. मुंबईकर तिला एका शब्दात ओळखेल : पागडी. ही मांडणी मला पुराव्याला जास्त धरून वाटते, पण तीत कामगार पुन्हा मागे पडतो. रॅपकिनच्या पाहणीतली टोप्या शिवणारी बाई झुकिनच्या पुस्तकात निदान प्रश्न म्हणून तरी उपस्थित आहे. दोन पुस्तकांपैकी एकच वाचायचे असेल तर मी अजूनही झुकिनच हाती देईन, सगळ्या बाहुल्यांसकट.

१९८२ हे साल आपल्या ध्यानात वेगळ्या कारणाने आहे. त्या वर्षी जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने लॉफ्टमध्ये बेकायदा राहणाऱ्या भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा केला आणि त्याच वर्षी झुकिन यांचे पुस्तक आले. या तीन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, तो लावण्याचा मोहही मी आवरतो. पण गिरणगावात जे झाले ते वाचायला सोहोची गोष्ट उपयोगी पडते, कारण तिथे मधला टप्पा होता आणि इथे नव्हता. आपल्याकडे चित्रकार आलेच नाहीत. १९९१ च्या नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे शहर, घरबांधणी आणि मालक असे तीन वाटे सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त मोकळ्या जमिनीला लावले आणि शहराच्या हाती थोडेच उरले. कारखाना ते बाजार ही उडी थेट पडली. फिनिक्सची चिमणी खाली दुकाने थाटून उभी आहे. ‘ओसाड’ हा शब्द इथेही वापरला गेला, आणि इथेही तो अर्धसत्य होता. फरक एवढाच की आपल्या कामगाराकडे अख्खा मजला कधीच नव्हता. चाळीच्या एका मजल्यावर खोल्यांची रांग, टोकाला संडास, आणि एकेका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे पुरुष. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा. म्हणून लोअर परळच्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत ‘मूळ’ हा शब्द येत नाही. मूळ काही दाखवण्याजोगे ठेवलेच नाही. तिथला आवडता शब्द ‘आकाश’ आहे. नॉर्स भाषेतला लोप्त, म्हणा ना.

डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने सोहो आणि नोहोचे नियम बदलले. नवी निवासी बांधकामे मोकळी झाली. कलावंतांसाठी राखीव असलेले मजले साध्या घरांत बदलून घेण्याची वाटही ठेवली, पण त्यासाठी चौरस फुटाला शंभर डॉलर कलानिधीत भरायचे. त्यावरून मालक न्यायालयात गेले. पंचवीस बाय शंभरच्या सलग मजल्याचे गणित सोपे आहे : अडीच लाख डॉलर. घरात कलावंत राहत नाही, हे शहराला कागदावर सांगण्याची ही किंमत. वर माणूस झोपला आहे हे १९६१ साली शहराला कळवायला एक पाटी पुरे होती.